हिंदीत कंगाल, मराठीत बाप

प्रिय चारुलता,

तुला न विचारता तुझ्यावर लिहायला बसले आहे. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "माझ्यावर काय लिहायचं वो बाई, मी काय कलेक्टर आहे का?" कलेक्टरांवर लिहायला माणसं पुष्कळ आहेत. मला तुझं लिहायचं आहे. राग आला की तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो, हेही लिहिणार. रागावू नकोस, आणि रागावलीस तर आरशात बघ.

मी स्वतः या गोष्टीत अधूनमधून येते. पण पोरांनी निबंधात 'मी, मी' केलेलं मला चौतीस वर्षांत कधी खपलं नाही, तेव्हा मीही यात शेजारच्या कुसुमबाई म्हणूनच येईन. आता तू गप्प बस आणि ऐक. बाकीच्यांना सांगते.

चारुलता महाजन दोष काढून पोट भरते. बुऱ्हाणपूरला, लोधीपुऱ्यातल्या एका गोदामात ती कापड तपासायला आहे. पॉवरलूमवरून उतरलेलं कोऱ्या कापडाचं थान तिच्यासमोरच्या उतरत्या टेबलावरून सरकत जातं, खालून ट्यूबलाइटचा उजेड, आणि चारूच्या हातात लाल खडू. तुटलेला धागा, तेलाचा डाग, टाचणीएवढं भोक, काहीही दिसलं की कडेला लाल फुली. दिवसाला हजार-बाराशे मीटर कापड तिच्या डोळ्यांखालून जातं. मालक म्हणतात, "चारूताई, तुमची नजर लई वाईट." या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते.

नवरा निवडताना मात्र ट्यूबलाइट बंद होती.

ललित महाजन म्हणजे गोड माणूस. दारू नाही, मारझोड नाही, परस्त्री नाही. बियाण्यांच्या दुकानात नोकरी, बोलणं असं की शेतकरी एक पाकीट घ्यायला यायचा आणि तीन घेऊन जायचा. एकच भानगड होती. आपल्या राज्यात लॉटरीचं तिकीट विकत मिळत नाही, आणि रावेर पंचवीस किलोमीटरवर आहे. पलीकडे महाराष्ट्र, तिथे लॉटरीची दुकानं. दर शनिवारी ललित बसने रावेरला जायचा. "जरा जाऊन येतो" म्हणायचा आणि गॅसच्या टाकीचे पैसे जाऊन यायचे नाहीत. सात वर्षं चारूने हे चालवून घेतलं. मग एका शनिवारी तिने लेकीला, तृप्तीला, काखेत घेतलं आणि लोधीपुऱ्यात कुसुमबाईंच्या शेजारी दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

बायकांनी तोंडं वाकडी केली. "मारत नाही, पीत नाही, मग सोडलास कशाला?"

"मारलं असतं तर दवाखान्याचा कागद मिळाला असता," चारू म्हणाली. "याचा कागद कुठे मिळतो?"

तेव्हा हे तिने वैतागून म्हटलं होतं. पुढे कागद मिळाला, तीच ही गोष्ट.

कोर्टाने हुकूम दिला: ललितने मुलीसाठी महिन्याला पाच हजार द्यावेत. त्याने दोन महिने दिले. तिसऱ्या महिन्यात त्याची नोकरी गेली, चौथ्या महिन्यात त्याचा मोबाइल लागेना. चारूला गोदामाचे नऊ हजार मिळत. त्यात भाडं, शाळेची फी आणि पोट बसेना, म्हणून तिने दुसऱ्या गोदामात चार ते आठ काम धरलं. तृप्ती शाळेतून आली की तिथेच जाई, कापडाच्या गठ्ठ्यावर पालथी पडून गृहपाठ करी आणि साडेसातला त्याच गठ्ठ्यावर झोपी जाई. नऊ वर्षांची पोर रोज रिक्षात झोपेतच घरी यायची. चारूला हवं होतं ते एवढंच. पाच हजार आले तर दुसरं गोदाम सुटेल आणि चार वाजता लेकीबरोबर घरी जाता येईल. महाल नको, माडी नको, चार वाजता घर.

तिच्या वकिलाने, प्रशांतने, वसुलीचा अर्ज लावला. प्रशांत तरुण, हुशार, आणि बोलताना एक पाय हिंदीत, एक मराठीत. अर्जाला उत्तर म्हणून ललितने स्टँपपेपरवर शपथपत्र दिलं. कोर्टाचा कारभार हिंदीत, तेव्हा शपथपत्रही हिंदीत. मैं बेरोज़गार हूँ. मंडी में कभी-कभार हम्माली कर लेता हूँ. मेरे पास कोई जमा पूँजी नहीं है. पुत्री अपनी माता के साथ रहती है, उससे मेरा कोई संपर्क नहीं है, और उसका खर्च उठाने में मैं असमर्थ हूँ. वर पासपोर्ट फोटो. चौकड्यांच्या शर्टातला ललित, चेहरा असा की बघणाऱ्यानेच दहा रुपये काढून द्यावेत.

"ताई," प्रशांत म्हणाला, "ज्याच्यापाशी कुछ है ही नहीं, त्याच्याकडून कोर्ट काय काढणार? जेलात टाकला तरी पाच हजार थोडेच निघणार आहेत त्याच्यातून?"

"हम्माली?" चारू म्हणाली. "त्याने लग्नात माझी पेटीसुद्धा दुसऱ्याकडून उचलून घेतली होती."

"वो सब ठीक आहे. सबूत पाहिजे."

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी चारू शनवारा चौकात केळी घ्यायला थांबली. कौतिकच्या गाडीवर नेहमीसारखे घड होते, आणि ऊन लागू नये म्हणून त्याने वर फ्लेक्सचं छत ताणलं होतं. वाढदिवस उरकले, निवडणुका उरकल्या, की आपल्याकडचे फ्लेक्स केळीच्या गाड्यांवर चढतात. डोक्यावर कोण नेता आहे हे बघायला कुणाला वेळ नसतो. चारूलाही नव्हता. पण नजर वाईट ना. केळ्यांना हात लावता लावता तिला छतात काहीतरी खोट दिसली. तिने मान वर केली.

छतावरून तिचा नवरा तिच्याकडे बघून हसत होता. उलटा. गळ्यात हार, हातात पुठ्ठ्याचा मोठा चेक.

चारूने मान तिरपी केली, मग कंबरेतून वाकली, मग सरळ गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाठ मागे टाकून वाचू लागली.

"काय वो ताई, चक्कर आली का?" कौतिकने विचारलं.

"हा फ्लेक्स कुठला?"

"मले काय माहीत? रावेरले घेतला चाळीस रुपयाले. मजबूत आहे. पाहून घ्या, एक भोक नाही."

"भोक आहे," चारू म्हणाली. नाकाचा शेंडा लाल झाला होता. "कौतिकदादा, हा मला द्या. शंभर देते."

"चाळीसचा शंभरले? ताई, असा कोण आहे वो हा?"

"माझा नवरा."

कौतिकने वर बघितलं, चारूकडे बघितलं, आणि गाडीवरून दोऱ्या सोडायला लागला. "मंग चाळीसच द्या," तो म्हणाला.

फ्लेक्सवर लिहिलं होतं: आमच्या दुकानातून दिवाळी सोडतीचे सात लाखांचे बक्षीस! बुऱ्हाणपूरचे भाग्यवान विजेते श्री. ललित महाजन यांचे हार्दिक अभिनंदन. खाली दुकानाचं नाव, प्रोप्रायटर देवराम.

चारूने तो फ्लेक्स गुंडाळी करून खांद्यावर घेतला आणि शनवाऱ्यातून थेट प्रशांतच्या ऑफिसात जाऊन त्याच्या टेबलावर पसरला. टेबल पुरलं नाही. ललितचे पाय खुर्चीवरून खाली लोंबू लागले.

प्रशांत आधी पाच मिनिटं हसला. मग वकील झाला. "ताई, फ्लेक्स म्हणजे सबूत नाही होत. फ्लेक्सवर तर आमच्या गल्लीतला कुत्राही हॅपी बर्थडे झालाय. तो म्हणेल, दुकानवाल्याने झूठमूठ छापला. नाही तर म्हणेल, वो ललित दुसरा."

"दुसरा? हा शर्ट मी शिवलाय."

"शर्ट कोर्टात बोलत नाही."

तेव्हा चारू कुसुमबाईंकडे आली. कुसुमबाई निवृत्त शिक्षिका. मराठी आणि हिंदी दोन्ही विषय शिकवून त्यांनी निम्म्या बुऱ्हाणपूरचे कान पिळले होते, आणि त्यांत एक जोडी ललितच्या कानांची होती. त्यांनी फ्लेक्स बघितला आणि विचारलं, "उद्या गोदामातून सुट्टी मिळेल?"

शुक्रवारी दोघी रावेरच्या बसमध्ये. कुसुमबाईंनी बजावलं, "तिथे गेल्यावर तू बोलू नकोस. तुझं नाक सगळं सांगून टाकतं."

देवरामचं दुकान म्हणजे स्टँडजवळची खोपटीएवढी जागा, सगळीकडे चिमट्यांना लावलेली रंगीबेरंगी तिकिटं, वाळत घातल्यासारखी. देवराम स्वतः साठीचा, कपाळाला गंध, आवाज मऊ. कुसुमबाईंनी तिकीट मागितलं. त्याने ते पुढे सरकवलं आणि वर पेनही दिलं.

"मागे नाव लिहा माय. इथंच, माझ्यासमोर."

"आत्तापासून कशाला? लागलं तर लिहीन की."

"लागल्यावर सगळेच लिहितात. हरवलं, चोरलं, कुणी उचललं, तर मग तंटे. माझ्या दुकानाची ही रीतच आहे. नाव लिहिल्याशिवाय तिकीट काउंटरवरून उचलायचं नाही."

"सगळे स्वतःचंच नाव लिहितात?"

देवराम खूश झाला. गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायला त्याला आवडत असावं. "कुठलं वो! कुणी देवाचं लिहितो, कुणी म्हशीचं. तुमच्या बुऱ्हाणपूरचा एक आहे ना, दिवाळीचा विजेता, तो कायम मुलीचं लिहितो. पोरगी झाली त्याच आठवड्यात त्याला पाचशे लागले होते. तेव्हापासून पोरीच्या पायगुणाशिवाय तिकीट नाही. नऊ वर्षं झाली, प्रत्येक तिकिटावर तेच नाव. कुमारी तृप्ती ललित महाजन. मला तर पाठ झालंय."

चारूने काही बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते तिने पाळलं. पण काउंटरवरचं पेन तिने उचललं होतं आणि ते तिच्या मुठीत कडाडलं.

"ताईंना बरं नाही का?" देवराम म्हणाला.

"तिला पेनाची ऍलर्जी आहे," कुसुमबाई म्हणाल्या. "पण मग बक्षीस मुलीला मिळालं म्हणायचं?"

"छे. मुलगी लहान. तिकिटावर एक नाव आणि दावा करणारा दुसरा, म्हणून लॉटरी खात्याने विचारलं, ही कोण? मग त्याला शपथपत्र द्यावं लागलं. मीच टायपिस्ट दाखवला त्याला. मोठ्या बक्षिसाचा सगळा कागद खात्याच्या ऑफिसात जातो माय, नवी मुंबईला. अर्ज, तिकीट, पॅन, बँकेचा नंबर, सगळं. आमच्याकडे काय, फक्त फ्लेक्स. आणि तोही कुणीतरी नेला."

बसमध्ये बसल्यावर चारूला कंठ फुटला. "सात लाख! अन् पोरगी गठ्ठ्यावर झोपते! नाव लिहिलं तिचं! नाव लिहायला काही लागत नाही ना!" हे अंतुर्लीच्या फाट्यापर्यंत चाललं. पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "ताई, कोणाचं नाव?" कुसुमबाईंनी त्याला पुढे बघायला सांगितलं.

लॉटरी खात्याला आधी कुसुमबाईंनीच माहितीच्या अधिकारात पत्र टाकलं. उत्तर सभ्य आणि वेळेवर आलं: विजेत्याची माहिती खाजगी आहे, तुम्हाला देता येत नाही. बाईंना राग आला, पण त्यांच्यातल्या शिक्षिकेला ते पटलं. उद्या कुणीही उठून कुणाच्याही बक्षिसाची चौकशी केली तर कसं व्हायचं? प्रशांतने मात्र ते पत्र वाचून टेबलावर थाप मारली. "आपल्याला नाही देणार. कोर्टाला नाही म्हणतील का?" त्याने अर्ज केला: लॉटरी खात्याकडे या इसमाच्या बक्षिसाची जी काही नोंद असेल ती मागवावी. ललितच्या वकिलाने आडकाठी आणली. दोन तारखा त्यात गेल्या. तिसऱ्या तारखेला जजसाहेबांनी अर्ज मंजूर केला, आणि जूनमध्ये कोर्टात लाखेच्या मोहरेचं जाड पाकीट आलं.

त्यात सगळं होतं. दाव्याचा अर्ज, कर कापून चार लाख नव्वद हजार कुठल्या बँकेत गेले तो नंबर, तिकिटाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. मागच्या बाजूला ललितचं गिचमिड अक्षर: कु. तृप्ती. आणि शेवटी शपथपत्र, रावेरच्या टायपिस्टचं, मराठीत.

जजसाहेब रीवाकडचे, मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पहिलं पान उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "यह तो मराठी में है. अनुवाद लगाइए."

प्रशांत म्हणाला, खंडव्याला एक अनुवादक आहे, पानाचे चारशे घेतो. कुसुमबाई म्हणाल्या, "चारशे? मी घरी चहा पिता पिता करते." शपथपत्राची नक्कल घेऊन दोघी ओट्यावर बसल्या. बाई मोठ्याने वाचू लागल्या आणि चारू ऐकू लागली.

"मी, ललित, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर तिकिटावर लिहिलेले नाव माझ्या एकुलत्या एका मुलीचे आहे. सदर मुलगी माझ्याजवळ राहते. तिचे शिक्षण, कपडालत्ता, औषधपाणी व संपूर्ण पालनपोषण मीच करतो—"

"काय?" चारू म्हणाली.

"थांब, पुढे आहे. सदर मुलगी माझे नशीब असून, बक्षिसाची संपूर्ण रक्कम मी तिच्याच भवितव्यासाठी खर्च करणार आहे."

चारूने नकलेचा कागद हातात घेतला. तो तिने उजेडात धरला, थान धरतात तसा. मग आत जाऊन ललितचं हिंदी शपथपत्र घेऊन आली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींवरून ती ओळीओळीने बोट फिरवू लागली. कुसुमबाईंना वाटलं आता रडते.

"बाई," ती म्हणाली, "फोटो एकच आहे. एकाच पाकिटातला. आणि तारीख बघा. हिंदीतलं सोमवारचं. हे गुरुवारचं."

"म्हणजे?"

"म्हणजे सोमवारी बुऱ्हाणपुरात याला मुलगी माहीत नव्हती, आणि गुरुवारी रावेरात ती त्याच्याजवळ राहायला आली. त्याने हिशेब केला असेल, इकडचं तिकडे कोण वाचतंय. इथल्यांना मराठी कागद दिसणार नाही, तिथल्यांना हिंदी." आणि मग ती हसायला लागली. अशी हसली की तृप्ती आतून धावत आली आणि विचारू लागली, "मम्मी, क्या हुआ?"

"काही नाही गं. तुझा बाप रावेरला फार चांगला आहे."

कुसुमबाईंनी अनुवाद केला. करताना सवयीने टायपिस्टच्या चार चुकाही सुधारल्या. कोर्टातल्या मराठी जाणणाऱ्या बाबूने दोन्ही कागद ताडून बघितले आणि सांगितलं, "मॅडम, चुकासुद्धा जशाच्या तशा ठेवाव्या लागतात." बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या चुका परत लिहिल्या. त्यांना ते अजून लागून राहिलं आहे.

तारखेच्या दिवशी व्हरांड्यात ललित समोर आला आणि जुन्या सवयीने बाईंच्या पाया पडला. नवा शर्ट, नवं घड्याळ. "बाई, बरं आहे ना?"

"माझं बरं आहे. तुला निबंधात दहापैकी चार देत होते, आठवतं? या कागदाला आठ दिले असते."

त्याला अजून कळलं नव्हतं कुठला कागद. त्याने चारूकडे बघून हसण्याचाही प्रयत्न केला. "कशी आहेस चारू? बारीक झालीस."

"दोन गोदामं करते. हम्माली नाही."

आत जजसाहेबांपुढे दोन्ही शपथपत्रं ठेवली होती. त्यांनी आधी हिंदीतलं वाचलं, मग अनुवाद वाचला, मग चष्मा काढून पुसला आणि परत अनुवाद वाचला. ललितचा वकील उठू लागला तर त्यांनी हातानेच बसवला.

"श्रीमान ललित, दोनों पर आपके ही दस्तख़त हैं?"

"जी... जी साहब."

"दोनों क़सम खाकर दिए हैं?"

"जी."

"एक में आप कहते हैं कि बेटी से कोई संपर्क नहीं, जेब में पैसा नहीं. दूसरे में बेटी आपके साथ रहती है, आप ही पाल रहे हैं, और इनाम का सारा पैसा उसी का है. तीन दिन का अंतर है." साहेबांनी कागद खाली ठेवले. "मैं झगड़ा नहीं करूँगा. आप ही बता दीजिए, सच कौन-सा है?"

चारू ललितच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सात वर्षांच्या संसारात तिने हा चेहरा हजारदा बघितला होता, पण त्याला असं मोजताना कधी पाहिलं नव्हतं. हिंदीतलं खरं म्हणावं, तर लॉटरी खात्याला खोटं लिहून दिलं असं होतं, आणि बक्षीस गोत्यात. मराठीतलं खरं म्हणावं, तर मुलीचं देणं टळत नाही. तो एकदा आपल्या वकिलाकडे बघे, एकदा छताकडे. वकील फाइलमध्ये काहीतरी शोधत होता आणि मिळूच नये अशा बेताने शोधत होता.

शेवटी ललितने घसा खाकरला. "साहब, मराठी वाला."

मागच्या बाकावरून कुणाला तरी हसू फुटलं. प्रशांतने खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला.

"तो मराठी वाला निभाइए," साहेब म्हणाले, आणि लिहून घ्यायला सांगू लागले. एकोणीस महिन्यांचे पंच्याण्णव हजार पंधरा दिवसांत जमा करायचे. तोवर बँकेतल्या त्या खात्याला हात लावायचा नाही. पुढे महिन्याला पाच हजार सरळ त्याच खात्यातून कापून जातील. आणि ज्याअर्थी सदर इसमाने बक्षीस मुलीच्या भवितव्यासाठी आहे असं स्वतः शपथेवर म्हटलं आहे, त्याअर्थी दोन लाख मुलीच्या नावाने ठेवीत टाकायचे, ती अठरा वर्षांची होईपर्यंत. हिंदीतल्या शपथपत्राचं काय करायचं ते नंतर बघू, असंही साहेब म्हणाले, आणि ते म्हणताना ललितकडे असे बघत राहिले की त्याने पंधरा दिवसांचं काम नऊ दिवसांत केलं.

बाहेर आल्यावर ललित जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. चारू त्याच्या समोरून निघून जाणार होती. पण थांबली.

"एक विचारू? नाव का लिहायचास तिचं? पैसे तर तिला द्यायचे नव्हते."

"लागायचं म्हणून," तो म्हणाला. मग घड्याळाचा पट्टा चाचपत, "तिचं नाव लिहिलं की वाटायचं... काय माहीत काय वाटायचं. सवय होती."

"सवय," चारू म्हणाली. "लॉटरीची सवय. तिच्या फीची नाही लागली ती."

चारूकडे आता वेळ नव्हता. पावणेचार झाले होते. तिने त्या दिवशी दुसऱ्या गोदामाच्या मालकाला फोन केला आणि आजपासून येत नाही असं सांगितलं. तो म्हणाला, "पगार वाढवतो." ती म्हणाली, "नको, मला गृहपाठ आहे."

आता चारू चारला घरी असते. तृप्तीला पलंगावर झोपायची सवय व्हायला आठवडा गेला. गठ्ठ्यावर बरं वाटायचं म्हणते, कापडाचा वास यायचा. कौतिक केळी देताना एक डझनावर दोन जास्त टाकतो आणि "लॉटरीवाल्या ताई" म्हणतो. चारूला ते आवडत नाही. केळी घेते.

ललित अजून दर शनिवारी रावेरला जातो की नाही, कुणाला ठाऊक. पैसे येतात.

मध्यंतरी एकदा तृप्तीने विचारलं, "मम्मी, पप्पांनी माझं नाव तिकिटावर का लिहिलं?" कुठून ऐकलं देव जाणे, अशा गोष्टी लोधीपुऱ्यात भिंतीतून ऐकू येतात. चारूने भांडी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी ती मराठी शपथपत्राची नक्कल घेऊन कुसुमबाईंकडे आली.

"बाई, हे तुम्हीच वाचून दाखवा तिला. तिची शाळा हिंदी, तिला मराठी बोलता येतं, पण ही टाइपातली मराठी तिला वाचता येणार नाही. मी वाचलं तर माझ्या तोंडून भलतंच बाहेर पडेल. 'सदर मुलगी माझे नशीब असून' या वाक्याला मला हसू तरी येईल नाही तर शिवी तरी."

"आणि मी कसं वाचू?"

"बाई आहात ना तुम्ही. साधं वाचायचं, वर्गात वाचतात तसं. खोटं काय, खरं काय, ते तिला मोठी झाल्यावर बघू द्या."

कुसुमबाई म्हणाल्या, रविवारी वाचते. चौतीस वर्षं त्यांनी लोकांची पत्रं, भाषणं, लग्नपत्रिका, मृत्युपत्रंसुद्धा मोठ्याने वाचून दाखवली होती. एक पानाचं काम.

पहिल्या रविवारी तृप्तीला ताप होता. दुसऱ्या रविवारी बाईंकडे नेपानगरचे पाहुणे. तिसऱ्या रविवारी काहीच कारण नव्हतं. पोरगी येऊन समोर बसलीसुद्धा, बाईंनी कागद हातात घेतला, पहिली ओळ मनात म्हणून बघितली, आवाज कुठे चढवायचा आणि कुठे सोडायचा तेच कळेना, आणि त्यांनी तिला पाढे विचारले. आता पावसाळा सरत आला. चारूने विचारलेलं नाही. कागद बाईंच्या टेबलाच्या खणात आहे, वरून दुसरे कागद आले आहेत.

गेल्या रविवारी तृप्ती दारात आली. बाईंना वाटलं, आता विचारते.

"आजी, स्टेपलर है क्या?"

बाईंनी तोच खण उघडला, स्टेपलर काढून दिला आणि खण बंद केला.